मांजराला मधुमेह, इन्सुलिन सुरू केलंय : दुपारची काळजी कशी घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या बोक्याला, मन्याला, मधुमेह झाल्याचं नुकतंच कळलं. वय ९ वर्षं, नसबंदी झालेला, चांगला गुटगुटीत होता. पाण्याचं भांडं सारखं रिकामं व्हायला लागलं, लिटरमध्ये (त्याच्या शी-शूच्या मातीत) लघवीचे मोठमोठे गोळे दिसू लागले, आणि खाणं वाढूनही पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. आता तो मागचे पाय अख्खे टेकवून, टाचांवर चालतो. साखरेमुळे नसांवर परिणाम झालाय, साखर आटोक्यात आली की हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात घाबरल्यानेही मांजरांची साखर चढते, म्हणून त्यांनी एका आकड्यावर न थांबता लघवी आणि फ्रुक्टोसामीन दोन्ही तपासलं. फ्रुक्टोसामीनवरून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. तीही वाढलेलीच निघाली, त्यामुळे शंकेला जागा नाही.

ग्लार्जिन इन्सुलिन चालू आहे, १ युनिट सकाळी ७ ला आणि १ संध्याकाळी ७ ला. आधी खायला, मग इंजेक्शन. टोचण्याची भीती वाटत होती, पण ते सोपं निघालं. तो चिकन खात असताना कुशीजवळची कातडी चिमटीत उचलून सुई घालते, त्याची मान वरही होत नाही.

खरी धास्ती दुपारची आहे. सुरुवातीलाच नीट उपचार मिळाले तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. पण याचा दुसरा अर्थ असा की तो सुधारत गेला तर आज बरोबर असलेलं १ युनिट उद्या जास्त होऊ शकतं. आम्ही दोघं आठला बाहेर पडतो, घरी फक्त सासूबाई. त्यांना कमी दिसतं. झोकांड्या जाणं, थरथर, अंग टाकणं ही साखर उतरल्याची लक्षणं त्यांना समजावली आहेत. तसं झालं तर मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं, शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, आणि आम्हाला फोन करून लगेच दवाखाना. पण मांजर दुपारभर झोपतंच. साधी झोप आणि ही गुंगी यातला फरक तुम्ही कसा ओळखता? हाक मारून, खाऊ दाखवून उठवून बघणं पुरेसं आहे का?

सासूबाई स्वतःही इन्सुलिनवर आहेत. त्यांची बाटली ४० युनिटवाली (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटं), सिरिंज लाल टोपणाची. मन्याचं इन्सुलिन १०० युनिटवालं, सिरिंज केशरी टोपणाची. लाल सिरिंजमध्ये त्याचं औषध १ खुणेपर्यंत भरलं तर १ नाही, अडीच युनिटं जातात. म्हणून डबे वेगळे केलेत आणि दोन्हीकडची सिरिंज फक्त आम्ही दोघंच भरतो. ज्यांच्याकडे ४० चं इन्सुलिन आधीपासून आहे त्यांनी हे जरूर तपासा, केमिस्ट सिरिंज देताना विचारेलच असं नाही. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मुंबई-ठाण्यात कुठे मिळते? पुढे डोस कमी करायला सांगितला तर लागेल.

घरी साखर तपासायची आहे. कानाच्या कडेला टोचून थेंब काढायला दवाखान्यात शिकवलं, पण घरी थेंब येतच नाही. कान आधी गरम कापडाने शेकायचा का? माणसांचं मशीन मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, हे माहीत आहे. कोणी साखर मोजणारा, अंगाला चिकटवायचा १४ दिवसांचा सेन्सर मांजराला लावलाय का? अंगावर टिकतो, की खाजवून काढून टाकतात?

आता खाणं. इतकी वर्षं कोरडं खाणं वाटीत दिवसभर भरलेलं असायचं, वर सासूबाईंच्या ताटातला दूधभात. दोन्ही बंद करून ओलं, कमी पिष्टाचं खाणं चालू केलंय. तो अजून जेवणाच्या वेळी त्यांच्या ताटापाशी येऊन बसतो, आणि त्यांचा घास घशाखाली उतरत नाही. त्यांना हाताने देता येईल असं काही सुचवा. मी उकडलेल्या चिकनचा तुकडा देऊन बघतेय. पाकिटांवर कर्बोदकं लिहिलेली नसतात, म्हणून प्रथिनं, चरबी, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि पाणी यांचे टक्के १०० मधून वजा करून अंदाज काढते. भारतात मिळणारं, नेहमी परवडेल असं कुठलं ओलं खाणं तुम्ही वापरता?

कारल्याचा रस, मेथीचं पाणी वगैरे कृपया सुचवू नका. इन्सुलिन थांबवून प्रयोग करायचे नाहीत.

आणखी एक, गणपतीत गावी जावं लागतं. बारा तासांच्या अंतराने घरी येऊन इंजेक्शन देणारं कोणी ठाणे-मुलुंड भागात माहीत असेल तर कळवा. एखाद्या दवाखान्याने मधुमेही मांजर ठेवून घेतल्याचा अनुभव असेल तर तोही लिहा. आगाऊ आभार.