साठीनंतर, वजन जास्त, गुडघे कुरकुरतात : चालायचं कसं? (अनुभव धागा)

पुण्यात 'फिरायला जातो' म्हटलं की लोक लगेच विचारतात, कुठली टेकडी? पण ज्यांचं वय ६५, वजन ९० किलो, त्यांनी सुरुवात कुठून करायची? 'आमच्या काळी'ने सुरू होणारे प्रतिसाद नकोत. रोज हेच काम करणाऱ्यांनी नेमकं लिहावं.

फिजिओथेरपिस्ट, कोथरूड
टेकडी सध्या विसरा. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला घाबरतात, पण गुडघा दुखावतो तो उतरताना. सपाटीवर चालतानाही गुडघ्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, उतारावर तो आणखी वाढतो. पर्वतीच्या पायऱ्यांनाही हेच लागू. संभाजी उद्यान, सारसबाग, नाहीतर सोसायटीचं पार्किंग, सपाट असलं की झालं.

पहिला आठवडा दिवसातून तीनदा ५-५ मिनिटं. मग दर आठवड्याला प्रत्येक फेरीत दोन मिनिटं वाढवा. आठवड्याला १५० मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा गाठायला दोन महिने लागले तरी चालतील. सलग अर्धा तासच हवा, असं काही नाही.

थोडं दुखणं चालतं. मात्र चालून दोन तास झाले तरी आधीपेक्षा जास्त ठणकत असेल, तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मा करा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, मूठ मनगटाच्या घडीपर्यंत. बहुतेक काका नेमकी उलट धरतात.

बूटविक्रेते, लक्ष्मी रोड
बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाऊल थोडं सुजलेलं असतं. मोजे घालून, उभं राहून बघा. सर्वात लांब बोट आणि बुटाचं टोक यांत अंगठ्याएवढी जागा हवी. मग टाचेची मागची बाजू चिमटीत दाबा. सहज चेपली तर तो बूट ठेवून द्या. बूट बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे, मधोमध मोडता कामा नये. वजन जास्त असेल तर बहुधा रुंदी कमी पडते, आणि लोक त्यावर उपाय म्हणून एक नंबर मोठा घेतात. मग टाच आत सरकते आणि फोड येतात. रुंद साचा मागा. जुनी चप्पलही बरोबर आणा, तळ कुठे झिजलाय त्यावरून पाऊल कसं पडतं ते कळतं.

प्रश्न : वेग किती ठेवायचा? घड्याळ नाडीचे ठोके दाखवतं.

चालण्याचा गट घेणारे, सहकारनगर
ठोक्यांवर जाऊ नका, काकू. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी (बीटा ब्लॉकर) ते फारसे वाढत नाहीत. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. वाक्य तुटायला लागलं की हळू व्हा. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, गरगरणं यांपैकी काहीही झालं तर तिथेच बसा आणि मदत मागा. 'घरी पोचू आधी' हे नको.

मधुमेह समुपदेशक, डेक्कन
इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी निघू नका, रक्तातली साखर एकदम उतरू शकते. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, घाम फुटला की ती लगेच खायची, १५ मिनिटांनी साखर तपासायची. बिस्किटाने साखर इतक्या झटकन वाढत नाही. जेवणानंतरच्या १०-१५ मिनिटांच्या चालण्यानेही साखर बरीच आवरते. पायाला बधिरपणा असेल तर घरी आल्यावर तळवे आरशात बघा.

पुन्हा फिजिओ
राहून गेलं : मांड्या घासतात म्हणून कितीतरी बायका चालणं सोडतात, पण सांगत नाहीत. निघण्यापूर्वी व्हॅसलिन, आणि गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी, सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकपेक्षा घरातला पॅसेज बरा.

आहारतज्ज्ञ, नारायण पेठ
८० किलोचा माणूस अर्धा तास बऱ्या वेगाने चालला तर साधारण १३० कॅलरी खर्च होतात. परतीच्या वाटेवरचा एक वडापाव त्याच्या दुप्पट. मिसळीचा हिशोब मुद्दाम देत नाही. वजनकाटा महिनाभर हलला नाही तरी कंबर मोजत राहा, टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून.

गटवाले
आणि नव्या बागेत पहिल्या दिवशी चालण्याआधी बाक कुठे कुठे आहेत ते बघून घ्या. दोन बाकांमधलं अंतर हीच पहिली फेरी.