पंचगंगेच्या फोटोतलं केंदाळ पुसायचं की ठेवायचं?

घाटावरचा_कट्टा

कोल्हापूरच्या फोटोवाल्यांशी जरा भांडायचंय म्हणून हा धागा काढतोय.

हल्ली "एकच जागा, वर्षभर" म्हणून रंकाळा तलावाचे आणि पंचगंगेचे जे फोटो फिरतायत ते दिसायला एक नंबर असतात, त्यात वाद नाही. पण मार्च महिन्यातली पंचगंगा आणि त्यात केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं, एक पान नाही? काठावर एक पिशवी नाही, निर्माल्य नाही, काहीच नाही? मोबाईलमध्ये बोट फिरवलं की पाहिजे ते गायब होतं आणि खाली कॅप्शन "आमची पंचगंगा, ऋतू वसंत". अरे कुठली तुमची पंचगंगा?

माझं म्हणणं एवढंच आहे की एकाच जागेचे वर्षभर फोटो काढायचे म्हणता ना, मग नदीचा ऋतू नुसता आभाळात नसतो. पावसाच्या आधी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात, महिनोन्महिने साचलेलं काळं पाणी एकदम पुढं सुटतं. मग मागून तांबडं पाणी येतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, घाटावरची देवळं पाण्यात, सगळं गाव शिवाजी पुलावर पाणी बघायला. पाऊस संपला की परत बरगे घालतात, पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं की केंदाळ आलंच. त्यात उसाचं गाळप सुरू होतं, फडात पाचट पेटतं. तुम्ही डिसेंबरमध्ये "धुक्यातली सोनेरी किरणं" म्हणून जे टाकता ना, त्यात पाचटाचा धूर किती असतो ते सकाळी सहाला शिंगणापूरच्या बाजूला जाऊन नाकानं बघा एकदा.

म्हणजे केंदाळ, काळं पाणी, धूर हे आता आपल्या नदीचे ऋतूच झालेत. ते पुसले की जानेवारीचा फोटो आणि सप्टेंबरचा फोटो यात फरक उरतो तो फक्त आभाळाचा. मग वर्षभर हेलपाटे घालायचे कशाला, एकाच दिवशी काढा आणि रंग बदला.

लेन्सकॅप

भावा तापू नको. फ्रेम लावायची म्हणजेच काहीतरी बाहेर ठेवायचं. तू घाटावर उभा राहून देवळाचा फोटो काढतोस तेव्हा मागचं पार्किंग घेतोस का? नाही घेत. मग मी डावीकडं दोन पावलं सरकून केंदाळ बाहेर ठेवलं तर कला, आणि न सरकता बोटानं पुसलं तर पाप, हे कुठलं गणित?

आणि आपले कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान काय करत होते? कोटीतीर्थावर राहून त्याच एका तळ्याची चित्रं काढत बसले, वेगवेगळ्या वेळची, वेगवेगळ्या उजेडातली. त्यांनी काय दिसेल ते सगळं रंगवलं असेल का? त्यांना जे भावलं ते ठेवलं, नको ते सोडलं. त्यांना कुणी विचारलं नाही की काठावरचा चिखल कुठंय.

फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. ज्याला पंचनामा पाहिजे त्यानं प्रदूषण मंडळाला पत्र लिहावं.

शिरोळ_खालचं_पाणी

लेन्सकॅप दादा, तुम्ही दोन पावलं डावीकडं सरकता, आम्ही कुठं सरकू? तुमच्या शहरातनं आणि पुढं इचलकरंजीतनं जे सुटतंय ते सगळं आमच्याकडं येतंय, नदी पुढं नरसोबावाडीला कृष्णेला मिळेपर्यंत. आमच्याकडं उन्हाळ्यात बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच लागतो तो पण ऋतूच म्हणायचा आता. वास तर फोटोत येत नाही नशीब तुमचं. २०१२ ला इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली ती पाण्यानंच ना.

धागावाल्याचं पटलं पण एक सांगतो, तुमी पण सगळे घाटावरनंच बोलताय. घाट म्हणजे नदी नव्हे. एकदा उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर कॅमेरा घेऊन या. वाइड अँगल पाहिजे तर वाइड आणा, मावणार नाही.

क्लिक_आणि_कमाई

मी प्री-वेडिंग करतो. रंकाळा, मसाई पठार, गगनबावडा, पाहिजे तिथं. माझं पोट त्यावर आहे म्हणून सरळ सांगतो, नवरी मुलगी लेहंगा घालून रंकाळ्यातल्या संध्यामठाकडं तोंड करून उभी आहे आणि मागं हिरवट शेवाळ आणि थर्माकोलची प्लेट तरंगतीय, तर मी ती प्लेट पुसणार. पुसणार म्हणजे पुसणार. पैसे त्याचेच घेतो. ऋतू-बितू तुमचा तुमच्याकडं ठेवा 😄

पाणकोंबडी

थोडं तांत्रिक बोलू का, कारण इथं दोन-तीन गोष्टींची मिसळ झालीय.

एक तर तांबडं पाणी घाण नसतं. ती माती आहे, भोगावती, कासारी, कुंभी, तुळशीच्या खोऱ्यातनं धुऊन आलेली. पुराचा फोटो काढून लोक व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ओढून ओढून पाणी निळं करतात, तो मला केंदाळ पुसण्यापेक्षा मोठा खोटेपणा वाटतो. ऑगस्टमध्ये पंचगंगा निळी? कधी बघितलीय कुणी? कॅमेरा ऑटोवर ठेवला तरी तो तांबूसपणा मारून पाणी राखाडी करतो. पूर काढायचा तर व्हाइट बॅलन्स हातानं उन्हाच्या किंवा ढगाळच्या सेटिंगला ठेवा आणि मग हात लावू नका.

दुसरं, केंदाळ ही मूळ घाण नाही. दक्षिण अमेरिकेतनं आलेली वनस्पती आहे, सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन फुगते, पाणी थांबलेलं आणि ऊन चांगलं असेल तर दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे घाण पाण्यात आहे, केंदाळ फक्त ती आहे असं ओरडून सांगतंय. ते पुसलं की पाणी स्वच्छ दिसतं आणि तिथंच फसवणूक होते. प्लेट पुसली तर मला एवढं वाटत नाही, प्लेट कुणीतरी उचलून पण टाकू शकतो.

आणि तिसरं, मला केंदाळाचे फोटो सुंदर वाटतात, झोडा मला. जांभळट फुलं आली की त्यात जांभळी पाणकोंबडी फिरते, लाल चोच, लाल पाय, सकाळचा तिरपा उजेड. लेन्सला पोलरायझर फिल्टर लावून पानांवरची चमक मारली की हिरव्याच्या किती छटा निघतात बघा. केंदाळ कुरूप आहे हा दोघांचाही समज चुकीचा आहे, धागावाल्याचा पण. त्याला ते पुरावा म्हणून पाहिजे, लेन्सकॅपला ते नकोच आहे, नीट बघितलं कुणीच नाही.

बेंगळुरूची_कोल्हापुरी

मला राग येईल असं लिहू नका कुणी, पण मी लेन्सकॅपच्या बाजूनं आहे.

मी गाव सोडून बरीच वर्षं झाली. आई-बाबा होते तोवर येणं व्हायचं, आता तेही कमी. सकाळी ऑफिसच्या बसमध्ये कुणीतरी टाकलेला रंकाळ्याचा फोटो दिसतो, शालिनी पॅलेसच्या बाजूला सूर्य बुडतोय, पाण्यात लाल पट्टा, आणि माझा दिवस बरा जातो. मला माहिताय हो की तिथं केंदाळ आहे, मी काय दुधखुळी नाही, माझं लहानपण तिथं गेलंय. पण रोजच्या रोज मला गटारच दाखवायचं का? बातम्या आहेत की त्यासाठी. माझ्या मुलीला मी रंकाळा फोटोतनंच दाखवलाय, तिला तो आवडावा असं मला वाटतं. आवडला तर कधीतरी येईल, आणि आली तर काळजी करेल. घाण बघून कुणाला माया येत नाही.

घाटावरचा_कट्टा

@लेन्सकॅप सरकणं आणि पुसणं यात फरक आहे आणि तो मोठा आहे. तू सरकलास तेव्हा जे फ्रेममध्ये आलं ते तिथं होतं. पुसलंस तेव्हा त्या जागी जे स्वच्छ पाणी दिसतं ते तिथं कधीच नव्हतं, सॉफ्टवेअरनं अंदाजानं भरलंय. अबालालांचं म्हणशील तर चित्र बघणाऱ्याला माहीत असतं की हे चित्र आहे. तुझा फोटो बघणाऱ्याला वाटतं की हे पाणी असंच आहे. त्यावर विसंबून पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि रंकाळा चौपाटीवर नाक धरून उभी राहतात.

@पाणकोंबडी तुमचं तिसरं पटलं नाही, पहिलं आणि दुसरं पटलं. पुरावा म्हणून बघणं म्हणजे नीट न बघणं असं काही नसतं. मी एकच जागा, एकच लेन्स, कॅमेऱ्याची उंची पण तीच ठेवून काढतो, त्यामुळं केंदाळाची कड कुठल्या पायरीपासून कुठल्या पायरीपर्यंत सरकली ते दिसतं. आपल्याकडं सूर्य उगवायची जागाच जून ते डिसेंबरमध्ये जवळजवळ ५० अंशांनी सरकते, म्हणजे त्याच देवळाची सावली हिवाळ्यात वेगळ्याच पायरीवर पडते. ह्या सगळ्यात मजा आहेच की. मी काय रडत फोटो काढत नाही.

@बेंगळुरूची_कोल्हापुरी ताई, तुमचं वाचून जरा थांबलो. पण आवडून मग काळजी करतील हे होताना दिसत नाही हो. लाईक ठोकतात आणि पुढं जातात. रंकाळा इतकी वर्षं सगळ्यांना आवडतोच आहे.

चिखलीकर_नदीकाठ

एवढं वाचलं, आता माझं ऐका. मी प्रयाग चिखलीचा. तुमची केंदाळाची भांडणं चालूद्या पण पुराच्या फोटोचं कोण बोलणार?

२०१९ ला आणि २०२१ ला आमचं अख्खं गाव पाण्यात. राजाराम बंधाऱ्यावर दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेलं होतं पाणी. जनावरं कुणी सोडली, कुणाची दावणीला गेली. आणि नंतर बघतोय तर आमच्या कौलांचे वरनं काढलेले फोटो फिरतायत, खाली लिहिलंय "रौद्र सौंदर्य". कुणाचं सौंदर्य? त्यात माझ्या चुलत्याचं घर आहे, मी कौलावरनं ओळखलं. हे काय कुणी पुसलेलं नाही हां, सगळं खरं आहे, जसंच्या तसं. तुमच्या नियमात बसतंय बघा, काहीच खोडलेलं नाही. तरी पण ते बघून मला जे झालं ते केंदाळ पुसलेल्या फोटोनं कधी झालं नाही.

लोक म्हणतात सोनतळीला जावा कायमचे, जागा दिलीया. शेती इथं काठाला, गाळाची, तिथं जाऊन काय करू. असो, तो विषय वेगळा.

पाणकोंबडी

चिखलीकर, हे लिहिलंत ते बरं झालं. मी स्वतः २०२१ नंतर पुराचे फोटो टाकताना घरं ओळखू येतील असे टाकत नाही. पाण्याची रेघ भिंतीवर उरते ना, ओसरल्यावर, तिचे काढते, ते पण घरच्यांना विचारून. बऱ्याच घरांत २००५ ची, २०१९ ची रेघ खुणा करून ठेवलेली असते, लोक स्वतःहून दाखवतात.

लेन्सकॅप

चिखलीकर काकांचं शंभर टक्के बरोबर, आणि बघ कट्टा, तुझ्या "खरं तेच दाखवा"चं काय झालं ते. खरं दाखवलं म्हणून चांगलं दाखवलं असं होत नाही. म्हणून म्हणतो, फोटो काढणाऱ्याला काय वगळायचं ते ठरवायचा अधिकार पाहिजेच. तू माणसाचं दुःख वगळ म्हणालास तर चालतं, मी केंदाळ वगळलं की मी खोटारडा.

आणि त्रिपुरी पौर्णिमेचं काय? पहाटे घाटावर हजारो पणत्या लागतात, तू पण तिथं ट्रायपॉड लावून असतोस, मला माहिताय. उजाडल्यावर त्याच पायऱ्यांवर तेल, काजळी, फुटक्या पणत्या आणि पाकिटं. त्याचा फोटो तू आजपर्यंत टाकलेला माझ्या बघण्यात नाही.

घाटावरचा_कट्टा

टाकलाय की, तुझ्या बघण्यात नसेल. दिव्यांच्या फोटोला जेवढे लाईक आले त्याच्या पासंगाला पण पुरले नाहीत.

चिखलीकरांच्या मुद्द्यावर माझ्याकडं उत्तर आहे आणि ते तुझ्या उलट्या बाजूचं आहे. त्यांच्या घराचा फोटो टाकायचा का नाही हे त्यांनी ठरवायचं, मी नाही आणि तू पण नाही. केंदाळाचं कोण ठरवणार? ते शिरोळवाल्यांना विचार, कारण तुझ्या फोटोतनं पुसलेलं त्यांच्या बंधाऱ्यावर जाऊन थटतंय. पहिल्या लोंढ्याला ढिगानं वाहून जातं, गेलं म्हणजे संपलं नव्हे.

शिरोळ_खालचं_पाणी

मला विचारताय तर ठेवा. सगळं ठेवा. काळं पाणी पण ठेवा, फेस पण ठेवा. आणि खाली तारीख आणि बंधाऱ्याचं नाव लिहा, म्हणजे आम्हाला तक्रारीला जोडायला होतंय. नुसतं "निसर्ग" लिहून काय उपयोग.

ताईंना बेंगळुरूला एक सांगतो, नरसोबावाडीला या तुमच्या लेकीला घेऊन, दक्षिणद्वार सोहळा असतोय तेव्हा. कृष्णेचं पाणी देवळात शिरून पादुकांवरनं वाहतंय, दक्षिण दाराला लोक अंघोळीला उतरतात. पाणी तांबडं असतंय, गढूळ असतंय, पण पोरगी विसरायची नाही. फोटो नको, डोळ्यानं बघू दे.

बेंगळुरूची_कोल्हापुरी

येते. पण एक फोटो मी काढणार दादा, आणि फिल्टर लावणार 🙂

क्लिक_आणि_कमाई

तारीख आणि बंधाऱ्याचं नाव माझ्या प्री-वेडिंगवर टाकू का? क्लायंट मला बरग्याबरोबर काढून ठेवेल.

लेन्सकॅप

@शिरोळ तारखेचं मान्य, ते मी आजपासून टाकतो. पुसणं बंद करणार नाही. ज्याला फरक बघायचाय त्यानं माझा आणि कट्ट्याचा त्याच तारखेचा फोटो शेजारी ठेवून बघावा.