तर्रीच्या डागावर सोडा नको

पोह्यांवरची तर्री कारच्या कापडी सीटवर सांडली तर खायचा सोडा चोळा, असं काहीजण सुचवतात. नका चोळू! सोड्याने हळद लाल होते. आधी तेल काढा. अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड फेटा आणि नुसता फेस मऊ ब्रशने डागाच्या कडेकडून मध्याकडे लावा. मग ओलसर फडक्याने टिपून साबण काढा. पाणी जास्त झालं की आतल्या फोममध्ये मुरतं आणि वाळताना कडेला मळकट वर्तुळ उमटतं. उरलेला पिवळेपणा उन्हाने फिका होतो, आणि उन्हाची नागपुरात काय कमी! दार उघडून डागावर थेट ऊन पडू द्या. छताच्या कापडाला मात्र भिजवू नका, मागचा गोंद सुटून ते लोंबतं.