लेट्रोझोल सुरू झाल्यापासून सकाळी बोटंच वळत नाहीत, व्यायाम करू की आराम?

कुकरची_शिट्टी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. वय ५६, पुण्यात सहकारनगरला राहते. मागच्या वर्षी उजव्या बाजूला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं यथासांग झालं, काखेतल्या गाठी पण काढल्यात. आता आठ महिने लेट्रोझोल चालू आहे, पाच वर्षं घ्यायची म्हणालेत. केमोत मी फारशी रडले नाही पण या एवढ्याशा गोळीनं रडवलंय.

सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत. कुकरचं झाकण लावायला नवऱ्याला हाक मारावी लागते, आणि तो ते तिरकं लावतो आणि मग वाफ जाते म्हणून परत मलाच बोलावतो. गुडघे, टाचा धरलेल्या असतात, पहिली दहा पावलं तर बदकासारखी. तासाभरानं जरा सैल होतं. मधे हळदीकुंकवाला खाली मांडी घालून बसले तर उठताना दोघींनी दंडाला धरून उठवलं, इतकं कसंतरी झालं. पूर्वी मी आठवड्यातनं तीनदा पर्वती चढायचे हो, १०३ पायऱ्या, मधे न टेकता.

घरात आता दोन पार्ट्या झाल्यात. सासूबाई आणि नणंद म्हणतात एवढं सोसलंयस, आता स्वस्थ बस. मुलगी म्हणते जिम लाव. गेले होते एका ठिकाणी चौकशीला, तिथला ट्रेनर मुलगा कॅन्सर म्हटल्यावर असा दचकला की मलाच त्याची कीव आली, म्हणे आंटी उजवा हात नकोच, फक्त सायकल करा. ऑपरेशननंतर मलाही सांगितलेलं की त्या हातानं जड उचलू नका, पण जड म्हणजे किती ते कुणीच सांगत नाही. दुधाच्या दोन पिशव्या पण डाव्या हातानं आणते, आता डावं कोपर कुरकुरायला लागलंय. डॉक्टर म्हणाले चालत राहा, बाहेर चाळीस पेशंट होते, मी तरी किती विचारणार. या गोळीवर असताना कुणी व्यायाम केलाय का, आणि नक्की काय केलंत?

तळजाईची_वाट

ताई, तुमची बदकाची चाल वाचून हसले आणि मग हसले म्हणून वाईट वाटलं, कारण मी पण तशीच चालायचे. ॲनास्ट्रोझोलवर, म्हणजे तुमच्यासारख्याच गोळीवर, माझं हे चौथं वर्ष. आधी हे डोक्यातनं काढा की वय झालंय. ही गोळीची करामत आहे. पाळी गेल्यावरही चरबीतनं थोडं इस्ट्रोजेन हार्मोन बनत असतं, ही गोळी नेमकं तेच बंद करते, कॅन्सरच्या गाठीला खाद्य मिळू नये म्हणून. पण सांध्यांना आणि हाडांना पण ते लागत असतं ना. ही औषधं घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांचे सांधे असे धरतात असं माझ्या डॉक्टर बाई म्हणाल्या. तेव्हा तुम्ही एकट्या नाही, आणि नाजूक तर मुळीच नाही.

मी पहिले सहा महिने सासूबाईंच्या पार्टीत होते, म्हणजे आराम. परिणाम असा की नंतर सोफ्यावरनं उठताना पण हात टेकावा लागायचा. मग सुरुवात केली ती पांघरुणातच. डोळे उघडले की मुठी उघडायच्या-मिटायच्या, पन्नास वेळा, घोटे गोल फिरवायचे, गुडघे छातीशी. मग उठून कोमट पाण्याच्या पातेल्यात हात, चहा उकळेपर्यंत. हे फालतू वाटतं पण माझी सकाळची तासाची कटकट अर्ध्या तासावर आली. मग तळजाईची टेकडी. पहिल्या दिवशी गेटपासून पहिल्या बाकापर्यंत गेले आणि परत आले, नवरा म्हणाला एवढ्यासाठी बूट घातले होतेस? तीन आठवडे दुखलं, खोटं नाही सांगत. चौथ्या आठवड्यात एकदा रिक्षा मिळेना म्हणून घरापर्यंत चालत आले आणि घरी आल्यावर लक्षात आलं की गुडघ्याची आठवणच आली नव्हती.

पण एक चूक केली, तीच सांगायची आहे. मला वाटलं रोज आठ हजार पावलं होतायत, झालं. दोन वर्षांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केलं तर कमरेचा टी-स्कोअर (त्यातला आकडा) -२.१, म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाडं विरळ व्हायला लागलेली; -२.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ठिसूळ हाडं म्हणतात. नुसत्या चालण्यानं भागत नाही, हाडांवर आणि स्नायूंवर वजन पडलं पाहिजे. तुमचं डेक्सा झालंय का? नसेल तर पुढच्या व्हिजिटला स्वतःहून विचारा, कागदावर लिहून न्या, म्हणजे बाहेरचे चाळीस पेशंट बघून गांगरायला होणार नाही.

शवासन_एक्स्पर्ट

जिमबिम कशाला, आपल्याकडे योगासनं आहेत की. टाटा मेमोरियलनं ब्रेस्ट कॅन्सरच्या ८५० पेशंटवर योगाचा अभ्यास केलाय, उगाच नाही केला. आणि पुण्यात राहून योगाची वानवा? मॉडेल कॉलनीत अय्यंगारांची संस्था आहे, खुर्ची, दोर, लोड घेऊन आसनं करायची पद्धतच त्यांची, खाली बसता येत नाही त्यांनाही जमतं. सोबत रात्री हळदीचं दूध.

फिजिओ_कोथरूड

काकू, मी फिजिओ आहे, ऑन्को म्हणजे कॅन्सरची डॉक्टर नाही, त्यामुळे जे लिहितेय ते तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच करा.

आधी त्या उजव्या हाताबद्दल, कारण खरी भीती तिथेच बसलीये. पूर्वी सगळ्यांनाच सांगायचे की काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातानं आयुष्यभर वजन उचलायचं नाही, नाहीतर हात सुजेल, लिम्फोडिमा होईल. २००९ साली अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ बाईंच्या टीमनं हे तपासून बघितलं. ज्यांचा हात आधीच सुजलेला होता अशा १४१ बायका घेतल्या, अर्ध्यांना आठवड्यातनं दोनदा वजनं उचलायला लावली, अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत, हातावर कॉम्प्रेशन स्लीव्ह, म्हणजे दाब देणारी घट्ट बाही घालून. वर्षभरानं बघितलं तर उचलणाऱ्यांचे हात जास्त सुजले नाहीत, उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. हात वापरला नाही की तो दुबळा होतो आणि मग एखाद्या दिवशी चुकून पिठाचा डबा उचलला की तोच त्याला जड जातो, असं ते आहे.

सांध्यांचं म्हणाल तर येल विद्यापीठाचा २०१५ चा अभ्यास आहे, नेमका तुमच्यासारख्याच, तुमच्याच प्रकारच्या गोळीवर असलेल्या आणि सांधे दुखणाऱ्या १२१ बायकांवर. आठवड्यातनं दोनदा वजनांचा व्यायाम आणि एकूण १५० मिनिटं भरभर चालण्यासारखं काहीतरी. वर्षानं त्यांची सगळ्यात वाईट वेदना सरासरी २९ टक्के कमी झाली, व्यायाम न करणाऱ्यांची होती तिथेच राहिली. २९ टक्के म्हणजे दुखणं गायब नाही हे पण नीट वाचा. पण कुकरचं झाकण लागेल एवढा फरक असतो तो.

आता घरात काय करायचं. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, एक भरली की अर्धा किलो. खुर्चीवर ताठ बसून कोपरातनं वाकवून वर, मग बाजूला, मग डोक्यावर, प्रत्येकी दहा वेळा. उजवा खांदा पूर्ण वर जात नसेल तर आधी भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चालवत न्यायची, जिथपर्यंत पोचली तिथे पेन्सिलीनं खूण करा, पुढच्या आठवड्यात खूण वर गेली पाहिजे. पायांसाठी खुर्चीवरनं हात न टेकता उठणं-बसणं, हेच तुमचं हळदीकुंकवाचं औषध. जमत नसेल तर आधी खुर्चीवर उशी ठेवून उंच करा. एक दिवसाआड करा, रोज नको. त्यानंतरचे दोन दिवस हात बघायचा, अंगठी, बांगडी, ब्लाउजची बाही घट्ट होतेय का, जडपणा वाटतोय का. नसेल तर दोन-तीन वेळानंतर वजन थोडं वाढवा, असेल तर थांबून दाखवा. हात लाल, गरम झाला, ताप आला तर मात्र व्यायामाचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टर.

आणि शवासन काका, योगाबद्दल वाद नाही, झोप, थकवा, खांद्याची लवचिकता, सगळ्याला चांगला. पण हाडांसाठी वजन लागतंच, दोन्ही करा. हळदीच्या दुधानं सांध्यांचं काही व्हायचं नाही, आवडतं म्हणून प्या. हळदीच्या कॅप्सूल मात्र ऑन्कोला विचारल्याशिवाय नको.

शवासन_एक्स्पर्ट

काका नाही, मी मावशी आहे. बाकी मान्य.

आईचा_ड्रायव्हर

माझी आई टॅमॉक्सिफेनवर आहे, वेगळी गोळी, पण इथे त्या गोळीवाल्या पण वाचत असतील म्हणून लिहितो. त्यात रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा जास्त असतो. आईची एक पोटरी सुजली, गरम लागत होती, आम्ही दोन दिवस व्यायामाचं दुखणं समजून बाम चोळत बसलो. गुठळीच निघाली. वेळेत पोचलो म्हणून निभावलं. एकाच पोटरीला सूज, दम लागणं असं असलं तर बाम नको, सरळ हॉस्पिटल. आणि एकाच जागी हाड दुखतंय, रात्री झोपेतनं उठवतंय, तर ते पण गोळीवर ढकलू नका, सांगा डॉक्टरांना.

अजून एक, त्रास होतो म्हणून आईनं आम्हाला न सांगता महिनाभर गोळी बंद केली होती. पाकीट मला औषधाच्या डब्यात तसंच्या तसं सापडलं. ओरडलो तिला, मग मलाच वाईट वाटलं.

तळजाईची_वाट

वरच्याला जोडून. ताई, इतकं करूनही सहन झालं नाही तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना म्हणा बदलून द्या. याच जातीत लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन अशा तीन आहेत, एक नाही सोसली तर दुसरी सोसते कधीकधी. मी सांगेपर्यंत माझ्या डॉक्टर बाईंना माहीतच नव्हतं मला एवढं होतंय, कारण दर वेळी मी "बरंय" म्हणून यायचे.

कुकरची_शिट्टी

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला, त्यानं बाटल्या भरून दिल्या आणि मग स्वतःच एक उचलून आरशासमोर उभा राहिला. असो. भिंतीवर खूण केलीये, उजवा हात खिडकीच्या चौकटीच्या चार बोटं खाली थांबतो, डावा चौकटीच्या वर जातो. एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं.

दोन शंका. स्लीव्ह घालायची का, माझा हात सुजलेला नाहीये. आणि व्यायाम करताना अंगातनं असा भपकारा येतो की घामाघूम, मग सोडून द्यावंसं वाटतं.

फिजिओ_कोथरूड

सूज नसेल तर व्यायामासाठी स्लीव्ह सक्तीची नाही, पण एकदा कुणाकडून तरी दोन्ही हातांची मापं टेपनं घेऊन ठेवा, पुढे तुलनेला होतील. दुकानातनं अंदाजानं घेतलेली घट्ट स्लीव्ह मात्र नको. भपकाऱ्यासाठी पहाटे करा, सुती कपडे, पंखा, बाजूला गार पाणी. आला की दोन मिनिटं बसा, ओसरला की पुढे चालू. उन्हाळ्यात साडेसातनंतर टेकडीवर जाऊच नका.

कुकरची_शिट्टी

बरं. डेक्साची शनिवारची वेळ घेतलीये. रविवारी पर्वतीला जाऊन बघावं म्हणते, वरपर्यंत नाही, वीस पायऱ्या आणि खाली. तळजाईवाल्या ताई, येता का?

तळजाईची_वाट

येते. सहाला पायथ्याशी. उतरताना कठड्याच्या बाजूनं या, गुडघ्याला उतरणंच जास्त लागतं.