गडी कमी पडला तर रोबो?

मुलांच्या सामन्यात संघात एक गडी कमी पडला तर रोबो उतरवावा, मुलांना मजाच वाटेल, असं कुणी कुणी सुचवतात. मजा वाटेल, पण पहिली दहा मिनिटं.

रोबोंच्या फुटबॉलची 'रोबोकप' ही स्पर्धा १९९७ पासून होते. २०५० पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवायचं, हे तिचं जाहीर ध्येय. तिथे वर्षानुवर्षं खेळलेला 'नाओ' रोबो जेमतेम ५८ सेंटीमीटर उंच आहे. तो पावलं जपून टाकतो, धक्का लागला की आडवा होतो, मग हात टेकत सावकाश उठतो. दहा वर्षांचं पोर चेंडूमागे सुसाट धावताना खाली बघत नाही. अडखळलं तर गुडघा फुटणार त्याचाच. मोठा, वेगवान रोबो घेतला तर धडकेची भीती आणखी वाढते.

पण मला सुरक्षेपेक्षाही जास्त खटकतं ते वेगळंच. हातातला सोपा झेल सुटला की पोराचा चेहरा पडतो. तेव्हा शेजारचा धावत येऊन पाठीवर थाप मारतो, कारण मागच्या सामन्यात त्याचाही सुटलेला असतो. हे रोबोकडून कसं व्हावं? आणि जो कच्चा खेळाडू आज 'कोणी नाही म्हणून' का होईना संघात येतो, त्याची जागा आपण यंत्राला द्यायची?

सरावाला मात्र जरूर आणा. न थकता चेंडू फेकणारं यंत्र गोलरक्षकाला हवंच असतं. सामन्याला गडी कमी असेल, तर दोन्ही बाजूंनी एकेक कमी करून खेळवा.