मदत हवी आहे: जुलैअखेर मस्कतहून सलाला, साध्या सेडानने

ओलीवाट:
नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मस्कतहून दक्षिण ओमानमधल्या सलालाला गाडीने जायचं ठरतंय. आम्ही दोघं, दोन मुलं (५ आणि ९ वर्षं) आणि आई (वय ६८, बीपीची गोळी चालू आहे). गाडी सेडान आहे, फोर बाय फोर नाही. टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे, बाजूला ३११९ असा आकडा दिसतो.
एका दिवसात पोचावं की मध्ये मुक्काम करावा? गाडीत काय काय तपासून घ्यावं? तिथे तीन दिवस मिळतील, त्यात काय बघावं?

चाकोरी:
आधी टायर. ३११९ म्हणजे २०१९ सालचा ३१वा आठवडा. नक्षी कितीही असो, हे टायर बदला. आखातातल्या उन्हात रबर आतून वाळतं, बाजूच्या भिंतीला केसासारख्या भेगा पडतात आणि भर दुपारी १२०च्या वेगात टायर फुटतो. नवे घेताना चारही टायरवरचा हा आकडा स्वतः वाचा, दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल नको. स्टेपनीचं वयही बघा, तिच्यात हवा भरा.
हवा पहाटे, टायर गार असताना मोजा. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर स्टिकर असतो, त्यातला पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा धरा. वाटेत तापल्यावर दाब चार-पाच पीएसआय वाढलेला दिसेल. तेव्हा हवा काढू नका. हवा कमी झाली की टायरची भिंत जास्त वाकते, त्यातून आणखी तापते, आणि फुटण्याचं खरं कारण तेच असतं.
बॅटरी दोन वर्षांवर गेली असेल तर लोड टेस्ट करून घ्या. इथल्या उकाड्यात ती आधी काही न कळवता बसते. कूलंटची पातळी इंजिन गार असताना बघा. वाटेत इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी कडेला. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही.
आणि वायपर! मस्कतला महिनोन्महिने पाऊस नसतो, रबर काचेवर वाळून कडक होतं. सलालाच्या भुरभुरीत पहिल्याच फेऱ्यात काचेवर चिखलाचे पट्टे उठतात. नवीन जोडी बसवूनच निघा.

खडीवाट:
अंतर सुमारे १००० किमी आहे. निझवा, आदम, हैमा, थुमरैत असा सरळ रस्ता. मुलं आणि आई बरोबर आहेत, तर हैमाला मुक्काम करा, ते साधारण अर्ध्यावर पडतं. एका दिवसात जायचा हट्ट धरलात तर पहाटे चारला निघूनही संध्याकाळ होते, आणि नेमका सलालाआधीचा धुक्यातला घाट थकलेल्या डोळ्यांनी उतरावा लागतो.
रात्री या रस्त्यावर गाडी नको. उंट रस्त्यावर येतात. त्यांचे पाय लांब, धड उंचावर. धडक बसली की पाय बॉनेटवर आणि धड थेट काचेतून आत येतं.
टाकी अर्धी झाली की भरा. घाबा, हैमा, घफ्तैन, कितबित, थुमरैत इथे पंप आहेत, पण "पुढचा बघू" म्हणू नका. प्रत्येकी पाच लिटर पाणी, शिवाय ओआरएसची पाकिटं. काही बीपीच्या गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि उन्हात पाणी कमी पडतं, तेव्हा आईंच्या डॉक्टरांना आधी विचारा. गोळ्या आणि पॉवर बँक डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका. आपत्कालीन नंबर ९९९९.

ओलीवाट:
खूप आभार, टायर उद्याच बदलतो. घाटातल्या धुक्यात नेमकं काय करायचं? फॉग लाइट नाहीत.

खडीवाट:
थुमरैतपर्यंत कोरडं वाळवंट, ४५ अंश. तिथून सलाला ८० किमी. वाटेतल्या कैरून हैरिती गावाजवळच्या उतारावर काही मिनिटांत तापमान विशीत येतं आणि समोरचं दिसेनासं होतं.
हेडलाइट लो बीमवर ठेवा. हाय बीमचा प्रकाश धुक्यावर आपटून डोळ्यांतच परत येतो. चालत्या गाडीत हॅझर्ड लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात असं वाटतं. उतारावर खालचा गिअर, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत.
इथे बरेचजण गडबडतात ती गोष्ट अशी: काच आतून पुसून पुसून थकतात, कारण दव बाहेरून आलेलं असतं. थंड एसीने काच गार होते आणि बाहेरची ओल तिच्यावर बसते. वायपर मारा, एसीचं तापमान वाढवा, वारा काचेवरून वळवून पायाकडे न्या. वाफ आतून असेल तर उलट, एसी चालू ठेवून वारा काचेवर.

चाकोरी:
खरीफ, म्हणजे सलालाचा पावसाळा, २१ जून ते २१ सप्टेंबर धरतात, पण जूनअखेरीस डोंगर अजून तांबडेच असतात. जुलैच्या उत्तरार्धात हिरवे होतात, तुमची वेळ छान आहे. राहायचं मात्र आत्ताच ठरवा, ऑगस्टपर्यंत गर्दी वाढतच जाते. धो धो पावसाची अपेक्षा नको. नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे समुद्रातलं थंड पाणी वर येतं, त्यावरून आलेली दमट हवा डोंगरांना अडते, त्याचंच हे धुकं आणि भुरभूर.
एक दिवस पूर्वेला: ताका, वादी दरबात, खोर रोरीजवळचं सुमहुरम हे प्राचीन बंदर आणि मिरबात. वर जबल समहानला गेलात तर ढग पायाखाली आणि डोक्यावर ऊन. दुसरा दिवस पश्चिमेला मुघसैल, सुमारे ४० किमी. लाटा जोरात असल्या की खडकांतल्या भोकांतून पाणी कारंज्यासारखं उडतं. मुलांचा हात सोडू नका आणि समुद्रात कोणीही उतरू नका, खरीफमध्ये लाटा आणि ओढ फार असते. तिसरा दिवस अल बलीद (जुन्या शहराचे अवशेष) आणि ऐन रझात (झरा) यांच्यासाठी ठेवा.
हिरव्या उतारांवर गाडी घालू नका. ओल्या मातीवर सेडान रुतते, चाकं गवत उखडतात. जाताना किंवा परतताना थुमरैतच्या वाटेवर वादी दौका लागतं. तिथली लोबानाची झाडं बघायला अर्धा तास पुरतो.