हाफ प्लेटच्या काचेच्या निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंट : कोणता कागद घ्यावा?

रुपेरी_मीठ, पुणे

मिरजेतील एका जुन्या, आता बंद पडलेल्या स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह नात्यातून आमच्याकडे आल्या आहेत. बहुतेक हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांच्या आहेत, थोड्या क्वार्टर प्लेट आहेत, आणि पोशाखांवरून व पाठीमागच्या रंगवलेल्या पडद्यांवरून त्या १९२० ते १९४० या काळातल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. सर्वांच्या डिजिटल प्रती काढून झाल्या आहेत, त्यामुळे तो प्रश्न नाही. मला त्यांचे डार्करूममध्ये, निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, आहे त्याच आकाराचे कॉन्टॅक्ट प्रिंट करायचे आहेत.

सध्या माझ्याकडे इलफर्डचा मल्टिग्रेड आरसी डिलक्स (प्लास्टिकचा लेप असलेला) कागद आहे आणि प्रकाशासाठी मी एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठे करण्याचे यंत्र, वापरते. २ नंबरच्या फिल्टरवर (नंबर जितका कमी, तितका प्रिंट मऊ) चेहरे चांगले येतात, पण पांढरे फेटे आणि धोतरे कोऱ्या कागदासारखी होतात. ०० फिल्टर लावला, तर काही प्लेटांत फेट्याच्या घड्या दिसू लागतात. काही प्लेटांचे प्रिंट मात्र मळकट, राखाडी येतात. एकाच स्टुडिओतल्या प्लेटा अशा वेगवेगळ्या का वागतात हे मला उमगलेले नाही.

आता चांगला फायबर (प्लास्टिकचा लेप नसलेला) कागद घ्यावा असे ठरवले आहे. इलफर्डचा मल्टिग्रेड एफबी क्लासिक, फोमाचा फोमाब्रोम व्हेरिअंट १११ आणि अॅडॉक्सचा लूपेक्स हे तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. लूपेक्स खास कॉन्टॅक्ट प्रिंटसाठीच असतो असे वाचले आहे, पण तो परदेशातून मागवण्याइतका फरक पडतो का? शिवाय मी स्वतः चार बाय पाच इंचांच्या फिल्मवर काम करते, तेव्हा दोन्हींना एकच कागद चालला तर सोयीचे होईल.

ट्रे_आणि_चिमटा, नाशिक

कागदाच्या नावाकडे वळण्याआधी तुमच्या प्लेटांची विभागणी करावी असे सुचवतो, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या विभागणीतच मिळेल. सर्व प्लेटा लाइट टेबलवर शेजारीशेजारी ठेवा आणि त्यांचा रंग पाहा. काही प्लेटा शुद्ध राखाडी-काळ्या दिसतील, काही पिवळसर किंवा तपकिरी दिसतील. ज्यांचे प्रिंट ०० फिल्टरवर मळकट आले, त्या बहुधा या दुसऱ्या गटातल्या निघतील.

मल्टिग्रेड कागद निळ्या आणि हिरव्या अशा दोन्ही प्रकाशांना प्रतिसाद देतो. निळा प्रकाश जास्त पडला तर काँट्रास्ट वाढतो, हिरवा जास्त पडला तर उतरतो, आणि फिल्टरांचा सारा संच याच तत्त्वावर चालतो : किरमिजी फिल्टर हिरवा अडवतो, पिवळा फिल्टर निळा अडवतो. त्यामुळे प्लेटच पिवळी असेल, तर ती स्वतःच मऊ ग्रेडच्या फिल्टरचे काम करत असते, आणि तिच्यावर आणखी ०० लावणे म्हणजे मऊवर मऊ चढवणे होय. अशा प्लेटांवर ३ किंवा ३½ लावून पाहा. इलफर्डच्या संचात ०० ते ३½ पर्यंत एक्स्पोजर सारखेच राहते आणि ४ पासून दुप्पट करावे लागते, पण हा नियम रंगहीन निगेटिव्हसाठी आहे. पिवळ्या प्लेटला प्रत्येक वेळी नवी टेस्ट स्ट्रिप (निरनिराळ्या एक्स्पोजरची चाचणी पट्टी) काढण्यावाचून गत्यंतर नाही.

राखाडी प्लेटांचा प्रश्न वेगळा आहे. त्या काळातले छायाचित्रकार एन्लार्जरसाठी नव्हे, तर कॉन्टॅक्ट कागदासाठी प्लेट डेव्हलप करत, म्हणून त्यांच्या निगेटिव्हमध्ये सावली आणि उजेड यांच्या घनतेतले अंतर मोठे असते. आजच्या कागदाचा २ नंबरचा ग्रेड साधारण १.१ इतकी लॉग एक्स्पोजर रेंज, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा पल्ला, सामावून घेतो. ०० वर ती १.६ च्या आसपास किंवा त्याहूनही पुढे जाते. तुमचे फेटे २ वर का हरवतात आणि ०० वर का परततात याचे कारण हेच आहे. या गटासाठी एफबी क्लासिक आणि ०० ते १ हे फिल्टर पुरेसे ठरतील, असे माझे मत आहे.

बाद_सारोवचा_शेजारी, बर्लिन

अॅडॉक्सचा कारखाना ज्या बाद सारोव गावात आहे ते माझ्या घरापासून फार लांब नाही, त्यामुळे माझ्या मतात थोडा पक्षपात असेल तर तो गृहीत धरावा.

लूपेक्स हा सिल्व्हर क्लोराइडचा कागद आहे. लिओ बेकलंड यांनी, म्हणजे ज्यांनी पुढे बेकेलाइट शोधले त्यांनीच, व्हेलॉक्स नावाचा जो कागद काढला आणि १८९९ मध्ये त्याचा व्यवसाय ईस्टमन यांना विकला, त्याच कुळातला हा कागद. कोडॅकचा अॅझोही याच जातीचा होता. २००५ मध्ये कोडॅकने कृष्णधवल कागदांचे उत्पादन बंद केले तेव्हा तो संपला. एडवर्ड वेस्टन आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंट काढत, तेही क्लोराइड कागद आणि अमिडॉल डेव्हलपर यांच्या जोडीवर. या कागदाचे वैशिष्ट्य असे, की काळा रंग पूर्ण भरूनही उजेडाच्या भागांतील बारीक छटा एकमेकींपासून सुट्या राहतात. पांढऱ्या फेट्याच्या घड्या, मलमलीचा पोत, गालावरचा उजेड यांत तो गुण दिसतो. एन्लार्जिंग कागद मऊ फिल्टरवर हीच रेंज सामावून घेतो खरा, पण मधल्या छटा थोड्या चपट्या होतात, असा माझा अनुभव आहे.

तथापि मागवण्यापूर्वी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, लूपेक्स एकाच ग्रेडचा येतो आणि त्याच्यावर ३ असे लिहिलेले असते, परंतु क्लोराइड कागदाचा ३ हा एन्लार्जिंग कागदाच्या ३ पेक्षा लांब पल्ल्याचा असतो, म्हणून त्या आकड्याने बिचकू नये. दुसरी, हा कागद इतका मंद आहे, की एन्लार्जरच्या प्रकाशात कित्येक मिनिटे थांबावे लागेल. त्याला उघडा बल्बच हवा. तिसरी गोष्ट भारतात अधिक महत्त्वाची ठरते, कारण आता घरोघरी एलईडी आहेत. पांढऱ्या एलईडीचा निळा भाग ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, आणि सिल्व्हर क्लोराइडची संवेदना मुख्यतः ४२० नॅनोमीटरच्या खालच्या प्रकाशाला असते. डोळ्यांना लख्ख वाटणारा दिवा या कागदाला जवळजवळ अंधारच असतो. तारेचा १०० किंवा २०० वॅटचा बल्ब किंवा हॅलोजन वापरावा आणि तो काचेपासून पुरेसा दूर टांगावा, कारण तापलेल्या काचेवरचे जुने जिलेटिन भरवशाचे नसते.

या मंदपणाचा फायदाही आहे. पिवळ्या सेफलाइटमध्ये (कागदाला न बाधणाऱ्या डार्करूमच्या दिव्यात), डोळ्यांना ताण न देता काम करता येते. मल्टिग्रेड कागद हिरव्यालाही संवेदनशील असल्याने त्याला लाल किंवा गडद तपकिरी-पिवळाच सेफलाइट लागतो.

पावसाळी_हायपो, रत्नागिरी

पिवळ्या प्लेटांविषयी वर जे लिहिले आहे त्यात एक भर घालतो, कारण या ठिकाणी दोन कागद परस्परविरुद्ध वागतात.

पिवळेपणा दोन प्रकारांचा असतो. एक पायरोगॅलॉल डेव्हलपरमुळे आलेला. तो चांदीच्या प्रमाणात असतो, म्हणजे जिथे घनता जास्त तिथे डागही जास्त. दुसरा वयामुळे किंवा अपुऱ्या धुलाईमुळे आलेला. तो ठिकठिकाणी, ढगांसारखा पसरलेला असतो. पायरोच्या डागातून निळा प्रकाश जात नाही, म्हणून केवळ निळ्याला ओळखणाऱ्या कागदावर, म्हणजे लूपेक्सवर किंवा ठराविक ग्रेडच्या ब्रोमाइड कागदावर, तो डाग घनतेसारखाच मोजला जातो आणि काँट्रास्ट वाढतो. मल्टिग्रेडवर तोच डाग उजेडाचे भाग मऊ करतो. त्यामुळे डोळ्यांना फिकी दिसणारी पायरोची प्लेट लूपेक्सवर अनपेक्षितपणे खणखणीत उमटते, आणि मूळ छायाचित्रकारालाही तेच अपेक्षित होते, कारण त्याचा कागद निळ्यापुरताच संवेदनशील होता.

ढगांसारख्या पिवळेपणात मात्र मल्टिग्रेड अडचणीत आणतो. डागाच्या जागी केवळ एक्स्पोजर कमी होत नाही, तर तेथील काँट्रास्टही बदलतो, आणि अर्ध्या चेहऱ्यावर एक ग्रेड तर अर्ध्यावर दुसरा असा प्रकार होतो. तो कुठल्याही बर्निंगने, म्हणजे त्या जागी जादा एक्स्पोजर देऊन, सुधारत नाही. ठराविक ग्रेडच्या कागदावर डागाची जागा फक्त उजळ येते. तिला हाताने थोडे जास्त एक्स्पोजर दिले की काम भागते. अशा प्लेटांसाठी इलफर्डचा गॅलरी एफबी, ग्रेड २, हा पर्याय तुमच्या यादीत असायला हवा. तो एन्लार्जिंगचाच कागद आहे, त्यामुळे प्रकाशाची व्यवस्था बदलावी लागत नाही.

लूपेक्सविषयी माझे मत थोडे थंड आहे. कागद उत्तम आहे, पण एकाच ग्रेडवर सर्व प्लेटा बसतील ही अपेक्षा धरू नये.

जुनी_पेटी

मुंबईत आणि कोल्हापुरात जुन्या स्टुडिओवाल्यांकडे अजून इंदूच्या कागदाची न उघडलेली पाकिटे मिळतात. तो ठराविक ग्रेडचाच असे. स्वस्तात काम होईल.

ट्रे_आणि_चिमटा, नाशिक

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा तो कागद आता कितीतरी वर्षे जुना झाला आहे, आणि आपल्या हवेत कपाटात पडून राहिलेला ब्रोमाइड कागद धुरकटतो. डेव्हलपरमध्ये बेन्झोट्रायझोल घालून धुरकटपणा थोडा दाबता येतो, पण त्यात कागदाचा वेगही जातो आणि पांढरे फेटे पांढरे राहत नाहीत. क्लोराइड कागद याबाबत अधिक टिकाऊ असतो. नीट ठेवलेला जुना अॅझो आजही चालतो. शिकाऊ प्रयोगांना इंदू वापरावा, या प्लेटांना नको.

रुपेरी_मीठ, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. विभागणी केली, आणि मळकट प्रिंट देणाऱ्या प्लेटा खरोखरच तपकिरी निघाल्या. त्यांतील बहुतेकांचा रंग घनतेबरोबर गडद होत जातो, म्हणजे पायरोच असावा. काही थोड्या प्लेटांवर ढगांसारखे डाग आहेत. जुन्याच आरसी कागदावर ३ नंबरचा फिल्टर लावल्यावर पायरोच्या एका प्लेटचा प्रिंट लगेच सुधारला.

आता दोन शंका आहेत. फायबर कागद धुण्याला तासभर वाहते पाणी लागते असे वाचले, तर उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येणाऱ्या आमच्या भागात ते कसे जमवावे? आणि अमिडॉलशिवाय लूपेक्स वापरण्यात अर्थ आहे का?

बाद_सारोवचा_शेजारी, बर्लिन

अमिडॉल महाग आहे, बोटांना आणि नखांना डाग पाडते, आणि एकदा कालवले की त्याच बैठकीत संपवावे लागते. त्याचा खरा उपयोग पाण्याच्या ट्रेच्या पद्धतीत होतो : प्रिंट डेव्हलपरमधून काढून साध्या पाण्यात न हलवता ठेवला, की काळ्या भागांतला डेव्हलपर लवकर थकतो, उजेडाच्या भागांतला काम करत राहतो, आणि काँट्रास्ट उतरतो. एकाच ग्रेडच्या कागदाला ही मोठी सवलत आहे. पण सुरुवात डी-७२ या डेव्हलपरवर करण्यात काहीच गैर नाही. एक लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८० ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम, याच क्रमाने विरघळवावे. स्फटिकरूप धुण्याचा सोडा वापरायचा असेल, तर त्यात पाण्याचा अंश मोठा असल्याने ८० ऐवजी सुमारे १८५ ग्रॅम लागेल. ब्रोमाइड वाढवू नये. क्लोराइड कागदावर त्याने हिरवट छटा येते.

पावसाळी_हायपो, रत्नागिरी

पाण्याची बचत फिक्सरपासूनच सुरू होते. अमोनियम थायोसल्फेटचा रॅपिड फिक्सर फिल्मसाठी करतात तितका तीव्र करून त्यात प्रिंट एकच मिनिट ठेवला, तर हायपो (फिक्सरमधले रसायन) कागदाच्या धाग्यांत खोल शिरत नाही. मग ५ मिनिटे धुणे, १० मिनिटे वॉशएड (हायपो लवकर काढणारे द्रावण) आणि पुन्हा ५ मिनिटे धुणे, एवढ्यावर काम होते. नळ सोडून ठेवण्याऐवजी ट्रेमधले पाणी पुनःपुन्हा पूर्ण बदलले तरी चालते. साधा हायपो आणि लांब फिक्सिंग या जुन्या पद्धतीने गेलात, तर मात्र तासभराची धुलाई टळत नाही. उन्हाळ्यात नळाचे पाणी तिशीच्या वर जाते तेव्हा जिलेटिन मऊ पडते. प्रिंट एकमेकांवर घासू देऊ नयेत.

तुमच्या चार बाय पाचच्या फिल्मसाठी मी लूपेक्स घेणार नाही. कंडेन्सर (भिंगांनी प्रकाश एकवटणारा) एन्लार्जर निगेटिव्हचा काँट्रास्ट वाढवून दाखवतो आणि कॉन्टॅक्टमध्ये ती वाढ मिळत नाही, म्हणून त्या एन्लार्जरच्या हिशेबाने डेव्हलप केलेली निगेटिव्ह कॉन्टॅक्टमध्ये मऊच येते. तिला फोमाब्रोम व्हेरिअंट किंवा एफबी क्लासिक आणि ३ नंबरचा फिल्टर योग्य; या दोन कागदांत मला किंमत सोडल्यास निवडीचे मोठे कारण दिसत नाही. पुढे लूपेक्ससाठीच फिल्म डेव्हलप करायची ठरवलीत, तर डेव्हलपिंगचा वेळ वाढवून घनतेची रेंज मोठी करा.

रुपेरी_मीठ, पुणे

म्हणजे राखाडी आणि पायरोच्या प्लेटांना एफबी क्लासिक, ढगाळ डागांच्या प्लेटांना गॅलरी ग्रेड २, आणि लूपेक्सचे एकच पाकीट पायरोच्या प्लेटांवर तुलनेसाठी, असे मागवते. आठ बाय दहाचा कागद अर्धा कापला तर हाफ प्लेट नीट बसते, हेही मोजून पाहिले. प्रिंटिंग फ्रेमच्या काचेवर प्लेट ठेवली की काचेवर काच येऊन न्यूटनची वर्तुळे (रंगीत वलये) दिसतात, त्यावर काही उपाय आहे का?

ट्रे_आणि_चिमटा, नाशिक

फ्रेमची काच काढूनच टाका. हाफ प्लेटची जुनी लाकडी फ्रेम असेल तर तिच्या खाचेत प्लेट स्वतःच काचेच्या जागी बसते. इमल्शनची (चित्राचा थर असलेली) न चकाकणारी बाजू वर, तिच्यावर कागदाची चकचकीत बाजू, मग फेल्ट आणि स्प्रिंगची पाठ. जुन्या प्लेटा अगदी सपाट नसतात, त्यामुळे स्प्रिंगचा ताण कमी ठेवा आणि व्हॅक्युम फ्रेमच्या वाटेला जाऊ नका. इमल्शनवर पेन्सिलीचे रिटचिंग किंवा लाल रंगाचे लेपन असेल, तर ती बाजू पुसू नका. तडा गेलेल्या प्लेटांखाली मात्र फ्रेमची काच परत घाला, आणि त्यांवर स्प्रिंगऐवजी फेल्टवर ठेवलेल्या दुसऱ्या जाड काचेच्या वजनावरच भागवा.